मिस्त्रींनी सोडलेली फट

"माझ्या वाटाडीला संपवून टाका, मिस्त्री," बाई फोनवर म्हणाल्या. "एखादी दरड कोसळू दे अंगावर. म्हणजे तुम्ही सगळे पुढे जायला मोकळे."

मिस्त्री तेव्हा एका नव्या घराच्या न्हाणीघरात गुडघ्यांवर बसले होते. एका हातात फोन, दुसऱ्या हातात रबरी हातोडी, आणि समोर सिमेंटच्या ओल्या मालावर नुसती टेकवलेली टाइल. माल आळत चालला होता. पस्तीस वर्षं फरशा बसवण्यात गेली, पण टाइल अर्धवट सोडून कुणाशी गप्पा मारण्याचा गुन्हा त्यांच्या हातून कधी घडला नव्हता. त्या दिवशी घडला.

"असं कसं संपवू, बाई?"

"मी रागानं नाही म्हणत. सहा महिने झाले, ती बिचारी त्या बंद दाराशी उभी आहे. मी काही आता परत यायची नाही. कंबरेचं हाड जुळलं म्हणतात, पण चार पावलं टाकली की पाचव्याला बसावं लागतं. मुलाचं घर चांगलं आहे, सून मायेची आहे. आपलं आता एवढंच. माझ्यासाठी खेळ खोळंबून ठेवू नका."

"मला चार रविवार द्या."

"चार रविवारांत काय होणार आहे?"

"काही झालं नाही तर तुमची दरड. शब्द देतो."

पलीकडून "बरं" आलं. मिस्त्रींना ते "बरं" आवडलं नाही. रिकाम्या खोलीत टाकलेल्या दगडासारखं वाजलं ते.

खेळ कसला, तर गोष्टीचा. एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे तिच्यातलं एकेक पात्र होतात. समोर नदी आली की सांगणारा विचारतो, "आता काय करता?" कुणी म्हणतो पोहतो, कुणी म्हणतो पूल शोधतो, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. अकरा वर्षं दर रविवारी दुपारी हा खेळ मिस्त्रींच्या घरच्या टेबलाभोवती चालायचा. सांगणारे मिस्त्री. खेळणारे तिघं. टपालभाऊ, म्हणजे पोस्टमन, कुणाचं साधं कार्डही उलटं करून न वाचणारा माणूस. खेळात तो कुलूपतोड्या चोर. दवाखान्यातल्या कंपाउंडरताई, बोलायला लागल्या की पेशंटला पुढे वाकावं लागायचं इतका आवाज हळू. त्या खेळात गदा घेऊन हिंडणारी राक्षसीण. आणि बाई. बाईंनी तीस वर्षं गावचं वाचनालय सांभाळलं. त्यांची वाटाडी एका डोळ्यानं अधू, पण अंधारात वारा हुंगून रस्ता सांगणारी.

मिस्त्रींना या खेळात आणलं तेही बाईंनीच. वाचनालयाच्या मागच्या खोलीत फरशी बसवायची होती. माल आळेपर्यंत कुणी पाय ठेवू नये म्हणून मिस्त्री दाराशी राखण करत बसले होते, आणि पलीकडच्या टेबलावर बाईंचा खेळ रंगला होता. कुणीतरी एका तळघरात शिरलं. मिस्त्रींना राहवेना. ते तिथूनच म्हणाले, "त्या तळघराला ओल असणार. वरून विहिरीचं पाणी जातंय ना? मग खालची फरशी पोकळ वाजेल." सगळे वळून बघायला लागले. मिस्त्री ओशाळले. बाई मात्र खुर्ची सरकवून म्हणाल्या, "या, बसा इथं. आम्हाला इतकी वर्षं तळघरं आहेत, पण ओल कुणी आणली नव्हती."

सातवीत शाळा सुटलेला माणूस. बाईंनी त्यांना नियमांचं पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवलं, पानामागून पान, दोन हिवाळे. तिसऱ्या वर्षी सांगणाऱ्याची खुर्ची त्यांना दिली. "तुम्ही खोली नुसती सांगत नाही," त्या म्हणाल्या, "तुम्ही ती बसवता."

मिस्त्रींनी मग आपलं टेबलच घडवलं. वर काळ्या मोठ्या टाइल, त्यांच्यावर कटरनं आखलेले बारीक चौकोन. नकाशा खडूनं काढायचा आणि ज्या खोल्या अजून कुणी पाहिल्या नाहीत त्यांच्यावर टाइलचे उरलेले तुकडे झाकून ठेवायचे. खेळणारे दार उघडून आत गेले की मिस्त्री तुकडा उचलून बाजूला ठेवत. टक्. त्या आवाजाला बाई श्वास रोखायच्या.

गेले सहा महिने एक तुकडा तसाच होता. त्याच्याखाली मिठाच्या खाणीतलं ते बंद दार. मिस्त्रींची बायको टेबल पुसताना त्या तुकड्याभोवतीनं फडकं फिरवायची.

टपालभाऊंनी सांगितलं होतं की अलीकडे असं टेबल कॉम्प्युटरवर मिळतं. पडद्यावर नकाशा, पडद्यावर सोंगट्या, फासेही तिथंच, आणि चार जण चार गावांत. लेक सासरी जाताना जुना लॅपटॉप घरी ठेवून गेली होती. मिस्त्रींनी त्याच्यावरचा टेबलक्लॉथ काढला.

पहिला रविवार नुसता आत शिरण्यात गेला. नाव द्या, पासवर्ड द्या, पासवर्डात एक आकडा हवा, एक मोठं अक्षर हवं. "वॉचमनसुद्धा इतकं विचारत नाही," मिस्त्री पुटपुटले. बांधकामावर वापरायच्या चौकटीच्या वहीत त्यांनी प्रत्येक पायरी लिहून ठेवली. आधी खेळाची खोली उघडायची, मग तिची लिंक बाकीच्यांना पाठवायची. ज्यांना लिंक त्यांनाच आत प्रवेश. हे त्यांना पटलं. घराला दार असावंच.

दुसऱ्या रविवारी नकाशा चढवायचा होता. खाणीचा नकाशा त्यांनी हातानं काढलेला होता, तो मोबाइलवर टिपून टाकला. पडद्याचे चौकोन वेगळे आणि कागदाचे वेगळे, ते एकमेकांवर बसवायचे असतात. मिस्त्रींनी एक चौकोन मोजला, आकडा घातला. डाव्या कडेला सगळं चोख. उजवीकडे जाऊन बघतात तर रेघा अर्ध्या चौकोनानं घसरलेल्या. परत मोजलं, परत घसरलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी कपाळावर हात मारला.

"काय झालं?" बायकोनं आतून विचारलं.

"मी गाढव आहे."

"ते झालंच. आज नवीन काय?"

"अगं, एक टाइल मोजून कुणी खोली आखतं का? दहा टाइल ओळीनं मांडायच्या, जॉइंटसकट मोजायच्या आणि मग दहानं भागायचं. नवशिक्याला पहिल्या दिवशी हेच सांगतो मी!"

दहा चौकोन मोजून भागल्यावर आकडा दशांश चिन्हासकट आला. रेघ तरीही एका अंगाला कलत होती. मग लक्षात आलं की फोटोच तिरपा आहे. मिस्त्रींनी कागद जमिनीवर पसरला, स्टुलावर चढले, मोबाइलला ओळंबा बांधला आणि त्याचं टोक कागदाच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत श्वास धरून उभे राहिले.

बायको दारात आली. स्टुलावरचा नवरा, मोबाइलला लोंबणारा ओळंबा, खाली कागद. ती जरा वेळ बघत राहिली. "आता छताला बसवताय का फरशी?"

"हलू नकोस. वारा येतो."

पण त्या संध्याकाळी नकाशाचा एकन् एक चौकोन पडद्याच्या चौकोनावर असा बसला, की नखानं चाचपलं तर जॉइंट लागू नये. मिस्त्री कुठल्याही घरात पहिली टाइल कपाळाला लावून मगच ठेवतात. इथं कपाळाला लावायला काही नव्हतं. त्यांनी पडद्यापुढे नुसते हात जोडले.

तिसरा रविवार भिंतींचा. या टेबलावर भिंत आखली की भिंतीपलीकडचं सोंगटीला दिसत नाही. सोंगटी जिथं उभी, तिथून तिची नजर जाईल तेवढंच त्या खेळणाऱ्याला उजळतं. बाकी काळोख. टाइलच्या तुकड्यांचंच काम, पण तुकडे आपोआप उचलले जातात. मिस्त्रींना हे फार आवडलं. त्यांनी खाणीच्या साऱ्या भिंती आखल्या, माउस धरून, जीभ दातांत धरून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. सांगणाऱ्याला तर सगळंच दिसतं. तेव्हा खेळणाऱ्याला काय दिसतंय ते बघायला त्यांनी बायकोच्या मोबाइलवर लिंक पाठवली आणि तिला स्वयंपाकघरात बसवलं.

"काय दिसतंय?"

"काळं."

"काळं म्हणजे कसं? अंधाऱ्या बोगद्यासारखं?"

"तव्यासारखं."

मिस्त्रींनी वही चाळली. सोंगटी ठेवली होती, पण तिला नजर द्यायची राहिली होती, आणि ती कुणाच्या हातात द्यायची तेही सांगायचं राहिलं होतं. दोन्ही केलं.

"आता?"

"अगंबाई!" स्वयंपाकघरातून आवाज आला. "दिवा लागला. अहो, ही हलतेय माझ्या बोटानं! डावीकडे काय आहे?"

"ते चालून गेल्यावर कळेल."

"मीठ विसरून तुमच्या खाणीत हिंडतेय मी. भाजी बिघडली तर तुमच्या नावावर."

ती बोगद्यात दहा पावलं गेली आणि भाजीसाठी परत फिरली. खाणीच्या टोकाच्या दालनापर्यंत ती पोचलीच नाही. मिस्त्रींना वाटलं, झालं काम.

आता एक शेवटचं काम होतं. बंद दाराच्या आतल्या खोलीत त्यांनी दगडांचा एक मोठा ढीग ठेवला. दाराला आतून टेकलेला. दार ओढलं की सगळा खाली. बाईंनी मागितली होती ती दरड. मिस्त्रींनी मनाशी ठरवलं होतं की बाईंना खेळायचं नसेल तर वाटाडीला ओढूनताणून जगवायचं नाही. माणसाला जायचं असेल तर नीट निरोप द्यावा. शब्द दिला होता. पण रात्री देवापुढे दिवा लावताना त्यांनी मागितलं ते वेगळंच होतं.

चौथ्या रविवारी चारला लिंक उघडली. टपालभाऊ आले, तर त्यांचा आवाज दोनदोनदा ऐकू येत होता. ताई आल्या, तर त्यांचा येतच नव्हता.

"ताई, माइक बंद आहे तुमचा," टपालभाऊ म्हणाले.

ताईंनी माइक सुरू केला. "मघापासून बोलतेय मी."

"कळलंच नाही. दवाखान्यातही असंच वाटतं."

"राक्षसीण तुमच्या मागेच उभी आहे, भाऊ. जपून बोला."

मग बाई आल्या. सुनेनं टॅबलेट उशीला टेकवून दिला होता. चेहरा उतरलेला, केस कापलेले. "दिसतंय मला," त्या म्हणाल्या. "मी अर्धा तासच बसेन हं. कंबर ऐकत नाही. काय करायचं असतं? बोटानं ढकलायचं?"

"बोटानंच. तुमची वाटाडी फक्त तुमच्या हातात आहे."

"बरं."

तेच "बरं".  मिस्त्री गोष्ट सांगायला लागले. मिठाच्या भिंती, जिभेवर येणारा खार, दूर कुठंतरी ठिबकणारं पाणी. तिघांच्या सोंगट्या शेवटच्या दालनात उभ्या होत्या आणि समोर तेच दार. बाई विचारलं तेवढंच बोलत होत्या. शेवटी मिस्त्रींनी टेबलावरचा सहा महिन्यांचा तो तुकडा उचलला आणि माइकजवळ खाली ठेवला.

टक्.

टॅबलेटवर बाईंची मान वर झाली. "ते टेबल अजून आहे तिथं?"

"आहे ना. मी त्याच्याशीच बसलोय."

 वाटाडीची सोंगटी, जी इतका वेळ दारासमोर खांबासारखी उभी होती, ती एक चौकोन डावीकडे सरकली. मग आणखी एक. दालनाच्या वरच्या कोपऱ्याशी जाऊन थांबली.

टपालभाऊ हात चोळत होते. "मी कुलूप बघतो. साधं आहे की सापळ्याचं?"

"थांबा," बाई म्हणाल्या. आवाज वाचनालयातला होता. त्या आवाजाला टपालभाऊ अकरा वर्षं थांबत आले होते. "मिस्त्री, इथं कोपऱ्यात केसाएवढी उजेडाची रेघ दिसते मला. भिंतीतून पार आत गेलेली. ही तुम्ही ठेवलीत?"

"मला नाही दिसत," ताई म्हणाल्या.

"मलाही नाही," टपालभाऊ.

मिस्त्रींनी चष्मा वर केला आणि नकाशा मोठा करून बघितला. कान तापले. दोन भिंती जिथं मिळायला हव्यात तिथं बारीकशी फट होती. त्यांनी पुढचा कोपरा बघितला. तिथंही. त्याच्या पुढचा. खाणीच्या प्रत्येक कोपऱ्यात, मोजून तेवढीच. फरशी कधी भिंतीला भिडवून बसवत नाहीत. उन्हाळ्यात फुगली तर उचलली जाते. कडेला फट सोडायची, वरून पट्टी लावून झाकायची. पस्तीस वर्षं हात हेच करत आला होता, माउस धरल्यावरही त्यानं तेच केलं. आणि इथं वरून लावायला पट्टी नव्हती. नजर फटीतून पाझरत होती.

हो म्हणून टाकता आलं असतं. बाईंना खूण म्हणून ठेवली, असं म्हटलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण हा माणूस असा, की घरमालकानं पैसे दिल्यावर, सामान लावून झाल्यावर, एक टाइल पोकळ वाजली म्हणून त्यानं परत जाऊन ती उचकटून पुन्हा बसवलेली. मालक नको म्हणत असताना.

"नाही, बाई. चूक आहे माझी. हातानं सवयीनं प्रत्येक कोपऱ्याला फट सोडली. ते दिसायला नको होतं तुम्हाला. दोन मिनिटं द्या, बुजवतो."

मिस्त्री पडद्यावर बोट फिरवत कोपरे मोजायला लागले. मग एक आवाज आला तो सुरुवातीला कुणाला ओळखू येईना. बाई हसत होत्या. कंबर धरून, आई गं म्हणत, डोळे पुसत.

"अहो, प्रत्येक कोपऱ्याला? सगळ्या खाणीत?"

"सगळ्या," मिस्त्री म्हणाले. "एकशे बारा."

"मग ही खाण तुमच्यासारख्याच कुणा मिस्त्रीनं बांधलेली असणार. बुजवू नका. वाटाडीचा एकच डोळा धड आहे, तो ती फटीला लावते."

मिस्त्रींनी माउसवरचा हात काढून घेतला. बाई टॅबलेटवर पुढे झुकल्या. सोंगटी कोपऱ्यात एवढीशी इकडे, एवढीशी तिकडे हलत होती, आणि ती हलेल तशी ती रेघ आतल्या खोलीतून फिरत असणार. मिस्त्रींना कळलं की आता ती कशावर पडेल. त्यांनी डोळे मिटले.

"आत दगड आहेत," बाई हळूच म्हणाल्या. "पुष्कळ. दाराला टेकून उभे."

सोंगटी हलायची थांबली.

"ही माझी दरड ना, मिस्त्री?"

"हो, बाई. तुम्ही म्हणाला होतात."

"कसली दरड?" टपालभाऊ म्हणाले. "तुमचं आपसांत काय ठरलंय?"

"भाऊ, गप्प बसा जरा," ताई म्हणाल्या. या वेळी आवाज हळू नव्हता.

बाई त्या दगडांकडे बघत राहिल्या. अर्धा तास केव्हाच उलटून गेला होता. मागून सून काहीतरी विचारायला आली, तिला त्यांनी हातानंच थांब म्हटलं.

"चांगले रचलेत," त्या शेवटी म्हणाल्या. "एकही दगड बिनआधाराचा नाही. दार ओढलं की एका दमात खाली येतील."

"प्रयत्न केला नीट करायचा."

"ते दिसतंय." त्यांनी चष्मा सावरला. "भाऊ, कुलपाला हात लावू नका. वाटाडी दारातून जाणार नाही."

"मग?" टपालभाऊंनी विचारलं. "बाई, याशिवाय वाटच नाही इथं."

"वाट नाही म्हणता? अहो, वाटाडी आहे ती. मिस्त्री, पाणी ठिबकतंय म्हणालात मघाशी. कुठल्या बाजूनं?"

मिस्त्रींनी ते नुसतं गोष्टीला रंग यावा म्हणून सांगितलं होतं. पण पाणी म्हटलं की ते कुठून येतं, कुठं मुरतं आणि काय पोखरतं हे त्यांना विचार करायची गरज पडत नाही. "उजवीकडून," ते म्हणाले. "जमिनीलगत. तिथलं मीठ विरघळून मऊ झालंय."

बाईंच्या बोटानं सोंगटी उचलली. दालनाच्या उजव्या कडेनं, राक्षसिणीला वळसा घालून, ती भिंतीशी आली. त्या पलीकडे नकाशा संपत होता. कोरा कागद.

"थांबा, बाई, थांबा," मिस्त्री घाईघाईनं वही ओढत म्हणाले. "तिकडे मी अजून काही काढलेलंच नाही."

"मग काढा," बाई म्हणाल्या आणि पाठीमागची उशी सारखी करून घेतली. "मी थांबते."